पहिलं बोट

लिंबाजीची म्हैस मंगळवारी सकाळी व्याली. पारडी झाली.

*

लातूरला सुकन्याच्या माहेरी, घरामागं परसात पेरूचं झाड आहे. पेरू आतून गुलाबी निघतात.

*

प्रश्न १. गरोदरपणात स्तनपानाची तयारी म्हणून खालीलपैकी काय करावे?
(अ) खरखरीत टॉवेलनं घासून कातडी निबर करावी. (ब) रोज खोबरेल तेल आणि चिंता. (क) शेजारणीला विचारावे. (ड) यातलं काहीही न करता शांत राहावे.
सुकन्यानं (ड)वर खूण केली, आणि लगेच शांत राहण्याचं वेळापत्रक आखलं. सकाळी सहा ते साडेसहा: शांत राहणे, भाग एक.

*

सुकन्याच्या सासूच्या, केवळाबाईंच्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीखाली, मधाची एक बाटली आहे. झाकणाचं सील शाबूत. ती आणली तेव्हा मुलाचं, भागवतचं लग्नसुद्धा जमलेलं नव्हतं.

*

उमरी तालुक्यातल्या एका अंगणवाडीत भिंतीला तक्ता टांगलाय. त्याचं सातवं पान: बाळ जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध, मध नको, गूळपाणी नको. भागवतची बहीण उज्वला तिथं सेविका आहे. ती हे पान झोपेतही म्हणून दाखवील. तिच्या दोन्ही पोरांनी जन्मल्या जन्मल्या मध चाटलेला आहे.

*

"हिच्या आईला दूधच न्हवतं. डब्याच्या दुधावर वाढली बगा पोरगी. तरी वर्गात पहिली येती." सुकन्याचं सगळं बालपण या तीन वाक्यांत बसतं. ती तिला दोनशे माणसांनी तरी ऐकवली असतील. सगळ्यांत जास्त वेळा तिच्या आईनंच.

*

सुकन्या मूळची लातूरची. लातूरचं पोर पहाटे चारला उठतं, तोंड धुतं आणि पेशीची आकृती काढतं. तिथं वाढलेल्या माणसाची एक पक्की समजूत होऊन बसते. जगातल्या कुठल्याही गोष्टीचे धडे पाडता येतात, धड्यांच्या नोट्स काढता येतात, आणि दहा सराव परीक्षा दिल्या की अकराव्यांदा यश ठेवलेलंच. सुकन्या या समजुतीवर शिकली, याच समजुतीवर नांदेडच्या एका क्लासमध्ये सात वर्षं जीवशास्त्र शिकवत होती. तिच्या आयुष्यात अभ्यास न करता जमलेली गोष्ट एकच, ती म्हणजे दिवस जाणं. तेही एकटीच्या जिवावर नव्हे.

तिला सातव्या महिन्यात साखर निघाली. गरोदरपणात काही जणींना होते तशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पथ्य पाळा, चाला, घाबरू नका. सुकन्यानं पथ्य पाळलं, चालली, आणि घाबरण्याची एक वेगळी वही केली. दवाखान्यातल्या सिस्टरनं पुढची गोष्ट समजावून सांगितली. आईला साखर असली की जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून बाळाला लगेच छातीशी घ्यायचं, पहिला पिवळा चीक त्याच्या पोटात जाऊ द्यायचा. मध, गूळपाणी, घुटी, काही नाही. आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर सदतिसाव्या आठवड्यापासून चीक थेंब थेंब हातानं काढून बारक्या सिरिंजमध्ये बर्फात ठेवायचा. लागला तर हाताशी असतो.

डॉक्टरांची हरकत नव्हती. सुकन्याची तर हौस होती. सिस्टर कापडी स्तनावर बोटं ठेवून दाखवत होती तेव्हा सुकन्या मान खाली घालून वहीत लिहून घेत होती. पाच मुद्दे, त्यात दोन उपमुद्दे.

घरी तिनं उशीच्या अभ्र्यात तीन किलो तांदूळ शिवून बाळ केलं. ते आडवं धरायचं, बगलेत धरायचं, झोपून धरायचं. भागवत रेल्वेच्या डिव्हिजन ऑफिसात फायलींवर शिक्के मारून संध्याकाळी घरी आला, तेव्हा बायको पोत्याला छातीशी लावून "तोंड मोठं उघड, अजून मोठं," असं म्हणत होती.

"कोलम हाय का बासमती?" त्यानं विचारलं.

"टिंगल करू नको. तुझी पाळी उद्यापासून. ढेकर काढायचा सराव."

"तांदळाचा?"

तांदळाचा सराव उत्तम झाला. खऱ्या गोष्टीचा झाला नाही. तीन दिवस, दिवसातून तीन वेळा, गरम कपड्यानं शेकून, वहीतले पाचही मुद्दे समोर उघडे ठेवून सुकन्यानं बोटं दाबली. तीन दिवसांचा निकाल, ठरवलेल्या दहा मिलींपैकी शून्य पूर्णांक दोन. सिरिंजच्या तळाशी पिवळे दोन थेंब. बारावीला जीवशास्त्रात शंभरपैकी नव्याण्णव आले तेव्हा ती त्या एका गुणासाठी आठवडाभर रडली होती. आता अठ्ठ्याण्णव टक्के गायब होते आणि पेपर तपासायला कुणी नव्हतं.

"पास व्हायला किती लागतेत?" भागवतनं जपून विचारलं.

"आईला नव्हतं," सुकन्या म्हणाली. "मलाही नाही."

वर्गात ती पोरांना ठणकावून सांगायची की डोळ्यांच्या रंगासारखं दूध काही आईकडून वारशानं येत नाही. वर्गातलं शहाणपण वर्गातच ठेवून यायची तिला सवय होती.

*

नवव्या महिन्याची ओटी अहमदपूरला सासरी भरायची, आणि तिथूनच सुकन्याची आई तिला बाळंतपणाला लातूरला घेऊन जाणार, असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलं होतं. अहमदपूर नांदेड आणि लातूरच्या बरोबर मधे पडतं, डॉक्टरीणबाईंनी दोन टप्प्यांत जायला परवानगी दिली. गाडीत मागच्या सीटवर सुकन्या, तिच्या शेजारी बर्फाचा थर्मास, थर्मासात ते दोन थेंब. थर्मासाला तिनं सीटबेल्ट लावला. भागवतनं आरशातून पाहिलं आणि लोह्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. तो शहाणा माणूस होता.

सासरच्या फ्रिजमध्ये एका बरणीत शेजारच्या लिंबाजीनं दिलेला म्हशीचा चीक होता. सुकन्यानं आपली सिरिंज वर, बर्फाच्या ट्रेमागं लपवली. खरवस उद्याच्या पंगतीला होणार होता.

आणि उद्याच्या पंगतीला बोटाचा निकालही लागणार होता.

बोटाचं असं, की या घरात मूल जन्मलं की आईच्या आधी घरातली थोरली बाई त्याला मधाचं बोट चाटवते. ज्याचं बोट चाटलं त्याचा गुण उतरतो, असं मानतात. चीक तीन दिवस काढून टाकतात, कारण तो जड, साचलेला, पोराला बाधतो. भागवत आणि उज्वला या दोघांनाही बोट दिलं ते केवळाबाईंच्या थोरल्या जावेनं, तारामतीबाईंनी. भागवत मुखदुर्बळ निघाला, उज्वला भरपूर बोलते पण मोक्याला गप्प बसते; आणि केवळाबाई गेली पस्तीस वर्षं या दोन्हीचं खापर त्या बोटावर फोडत आल्या आहेत. त्यांना आपली पाळी हवी होती. शालूखालची बाटली त्याच पाळीची. गेल्या वर्षी दोन्ही भावांच्या घरांमधे भिंत घातली, भिंतीत एक दार ठेवलं हळदीकुंकवापुरतं, आणि केवळाबाई आपल्या बाजूच्या घरात आपोआप थोरल्या झाल्या. भिंतीचा एवढा आनंद दुसऱ्या कुणालाच झाला नसेल.

सुकन्याला हे सगळं माहीत होतं. म्हणून तर तिनं पंचेचाळीस मिनिटांचं व्याख्यान तयार केलं होतं.

*

दुपारी तीनला पुढची खोली बायकांनी भरली. सुकन्याला हिरवी साडी, फुलांचा गजरा, पाटावर बसवलेलं. डाव्या बाजूला तिची आई रुद्राणी, सकाळच्या एसटीनं लातूरहून आलेली, पिशवी अजून मांडीवरच. समोर उज्वला, नणंद, हातात खरवसाची परात. गाणी झाली, ओटी झाली, वाटीखालचा पेढा निघाला, सगळ्या म्हणाल्या मुलगा, सगळ्या म्हणाल्या मुलगी बी चालंल. मग तारामतीबाईंनी पदर सावरला.

"केवळा, दवाखान्यात नेलं की मला कळवायचं बरं का येळेवर. बोटासाठी मी लातूरला यीन."

खरवस चघळणारी तोंडं थांबली.

"तुम्ही कशाला तरास घेता आक्का," केवळाबाई गोड हसून म्हणाल्या. "आता आमचं घर येगळं. मी हाय की."

"भिंत घराला घातली. रीतीला कुठं घातली?"

"रीत सांगती घरातली थोरली. या घरातली थोरली मी."

"थोरली व्हायला भिंत लागली तुला," तारामतीबाई म्हणाल्या.

बाहेर ओसरीवर सासरे भुजंगराव बसले होते. एसटीत कंडक्टर म्हणून रिटायर झालेला माणूस. भांडण कुठल्याही दारातलं असो, त्यांचा उपाय एकच. "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा न्हाई," ते आतल्या बाजूला ओरडले. कुणीच सरकलं नाही.

सुकन्याला वाटलं, हीच वेळ. ती पाटावरून उठली. उठायला तिला दोघींचा हात लागला, त्यामुळं सुरुवातच जराशी पडली.

"मला थोडं बोलायचंय," ती म्हणाली. आणि मग, सात वर्षांच्या सवयीनं, तिच्या तोंडून आपोआप निघालं: "मागच्या तासाला आपण काय पाहिलं?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागच्या तासाला त्यांनी पेढा पाहिला होता.

"म्हणजे… बाळाला पहिला चीक. त्यात प्रतिपिंडं असतात. प्रतिपिंडं म्हणजे…" तिचा हात फळा शोधत हवेत वर गेला. फळा नव्हता, मोरांचं तोरण होतं. "मला साखर आहे, म्हणून बाळाची साखर जन्मल्यावर खाली जाऊ शकते. म्हणून मध नको. कुणाचंच बोट नको. मी लगेच पाजणार आहे. यावर काही शंका?"

शंका कुणाला नव्हती. सगळ्यांना खात्री होती.

"साखर खाली जाती," तारामतीबाई हळू म्हणाल्या, "आन मध नको. मध कडू असतो व्हय गं?"

हशा पिकला. सुकन्याला त्या प्रश्नाचं तेरा ओळींचं उत्तर येत होतं. त्यातली एकही ओळ आठवली नाही. तिनं उज्वलाकडे पाहिलं. उज्वलाला सातवं पान पाठ होतं, ती वर्षाला पन्नास घरांत हेच सांगत होती. उज्वलानं परातीत पाहिलं.

"आणखी खरवस आणते," उज्वला म्हणाली.

"बस तू, मी आणते," तारामतीबाई उठल्या. जिंकलेलं माणूस कामाला लवकर उठतं. त्या फ्रिजकडे गेल्या, खालचं दार उघडलं, मग काय मनात आलं कोण जाणे, वरचंही उघडलं. बाहेर आल्या त्या हातात सिरिंज घेऊन.

"केवळा, हे इंजेक्शन कुणाचं? बर्फात ठिवलंय. साखरेचं का?"

प्रश्न २. अशा वेळी गरोदर स्त्रीने काय करावे? (अ) होय, साखरेचं, म्हणावे. (ब) चक्कर आल्याचं दाखवावे. (क) खरं सांगावे.

सुकन्यानं आयुष्यात एकदाही (अ) निवडला नव्हता, कारण तो फार सोपा असतो. "माझा चीक आहे," ती म्हणाली. "मी काढलाय."

"पोर व्हायच्या आधीच?" तारामतीबाईंचा आवाज चढला. "अगं, आधीच पिळून काढलं तर पोराला काय ऱ्हाईल? दिस भरायच्या आधी कळा लागल्या मंजी? कुणी सांगितलं हे?"

"डॉक्टरांना विचारून केलंय, मोठ्या मामी. ते द्या मला."

"आन हे एवढंच? एवढंच निघालं?" तारामतीबाईंनी सिरिंज उजेडात धरली. हातातल्या उबेनं बर्फ सुटला होता. त्यांनी अंगठ्यानं मागचा दांडा दाबून पाहिला, औषध आहे का पाणी ते बघावं तसा. दोन पिवळे थेंब सुटले, फरशीवर पडले, आणि कुणीतरी पुढं येताना त्यावर पाय ठेवला.

तीन दिवस. नऊ वेळा. पाच मुद्दे.

सुकन्या रडायला लागली. वर्षाला चारशे पोरांना "एका पेपरनं आयुष्य संपत नाही" असं सांगणारी बाई दोन थेंबांसाठी हिरव्या साडीत भोकाड पसरून रडत होती, आणि ती रडत असताना तिच्या डोक्याचा एक कोपरा हिशेब करत होता की डोळ्यांतून निघालेलं पाणी दोन थेंबांच्या कितीतरी पट आहे. अंग चुकीच्या जागी हुशार होतं.

"तिच्या आईला बी न्हवतं," कोपऱ्यातून कुणी बाई समजुतीच्या सुरात म्हणाली. "डब्यावर वाढली ना ती."

"हाव," रुद्राणी म्हणाली, आणि हसली. हे वाक्य आलं की हसायचं तिला वळण पडलं होतं.

आईचं ते हसू बघून सुकन्याचं रडणं थांबलं. तिनं समोर पाहिलं. चौदा बायका, चौदा बशा, चौदा चमचे. पिवळसर, जायफळ घातलेला, थरथरणारा खरवस.

"तुम्ही काय खाताय?" तिनं विचारलं.

"खरवस," उज्वला म्हणाली. अंगणवाडीतल्या पोरासारखं, चटकन.

"कशाचा?"

"चिकाचा."

"म्हैस व्याली की चार गावांत निरोप पाठवून चीक मागवता. जायफळ घालता. वाटी चाटूनपुसून ठेवता. आणि बाईचा चीक जड असतो, साचलेला असतो, तो पिळून फेकता." या वेळी तिचा हात फळा शोधायला वर गेला नाही. "मी फेकणार नाही. मला फार नसेल. दोन थेंब असतील. ते दोन त्यालाच."

एका बाईनं तोंडातला घास गिळावा का नाही यावर विचार केला आणि गिळला.

दारात खाकरल्याचा आवाज आला. लिंबाजी, बरणी न्यायला आला होता. बायकांच्या कार्यक्रमात शिरायला नको म्हणून उंबऱ्याबाहेर उभा होता, आणि बराच वेळ उभा असावा.

"बोलू का, वैनी?" त्यानं केवळाबाईंना विचारलं. "रिकामी बरणी न्यायला आलो म्हणून सांगतो. मी पारडीला आधी पोटभर पाजतो. मंग उरला तरच तुमच्याकडं धाडतो. पहिला चीक भेटला न्हाई तर पारडू उभं ऱ्हात न्हाई. एक मेलं होतं असंच, माझ्या बापाच्या हातनं. तवापासून न्हाई."

"आन मध?" उज्वलानं विचारलं. तिच्या आवाजात काहीतरी सुटल्यासारखं झालं होतं.

"पारडाला कोण चाटवतंय मध, ताई?"

"सातव्या पानावर हेच हाय," उज्वला एकदम उभी राहिली. परात कलंडली. "हेच सांगते मी. घराघरांत सांगते. जन्मल्या जन्मल्या आईचं, दुसरं काही न्हाई. एका लेकराला मध चाटवून काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय, आन माझ्या लेकरांच्या येळेला मोठाई तुम्ही बोट पुढं केलं तर मी तोंड उघडलं न्हाई. माझी बरी ऱ्हायली, नशीब."

"माणूस आन म्हैस एकच झालं व्हय आता?" तारामतीबाई म्हणाल्या. पण बसत म्हणाल्या.

"एक न्हाई, आक्का," केवळाबाई म्हणाल्या. "म्हशीला सासू नसती."

आधी रुद्राणी हसली, मग उज्वला, मग सगळी खोली. केवळाबाई हसल्या नाहीत. त्या सुकन्याकडे बघत होत्या, आणि सुकन्याला कळलं की त्या वाक्यानं केवळाबाईंनी पस्तीस वर्षं वाट बघितलेली गोष्ट हातातून सोडली होती. की सोडता सोडता परत मुठीत धरली होती, ते अजून ठरत नव्हतं.

"बोट माझंच," केवळाबाई म्हणाल्या. "ते मी कुणाला देणार न्हाई. पण बोटाला मध न्हाई लावायचा. हिच्या अंगचं लावायचं. छातीला लावायला उशीर झाला, लेकराला दम लागला, काही बी झालं, तर माझ्या बोटानं हिचाच चीक जाईल. नखं काढून, साबणानं हात धुऊन. चालंल, मास्तरीणबाई?"

सुकन्यानं मान हलवली. हा पर्याय तिच्या कुठल्याच प्रश्नात नव्हता.

"आन चीक कुठं हाय?" तारामतीबाईंनी फरशीकडे बोट केलं. "तो तर सांडला."

"सांडला तुम्ही. काढून आम्ही घेतो. गाणी म्हणा तोवर."

*

आतल्या खोलीचं दार लागलं. सुकन्या पलंगावर, केवळाबाई समोर स्टुलावर, रुद्राणी नवी सिरिंज धरून बाजूला. बाहेर गाण्याचा सूर चुकत होता, कारण सगळ्यांचे कान आत होते.

"हात धू."

"धुतलेत, मामी."

"परत धू. हं. आता दाव, बोटं कुठं ठिवतीस?"

सुकन्यानं दाखवलं.

"आन वरून असे चिमटे काढतीस? तीन दिस?" केवळाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं तिथं काय हाय? बोंडापासून मागं सर. आणखी मागं. आता आधी छातीकडं दाबायचं, मंग बोटं जवळ आणायची, मंग सोडायचं. ओढायचं न्हाई. ओढलं की म्हैस बी लात मारती." त्यांनी सुकन्याच्या मनगटावर अंगठा ठेवून दाखवलं. दाबणं, जवळ आणणं, सोडणं. तीस वर्षं दोन्ही वेळा धारा काढलेला अंगठा, रुंद आणि मऊ. "लातुरात काय शिकवतेत तुमाला?"

दवाखान्यातल्या सिस्टरनं अगदी हेच सांगितलं होतं. मागं, दाब, जवळ, सोड. सुकन्याच्या वहीत तिसऱ्या मुद्द्याचा दुसरा उपमुद्दा हाच होता, लाल शाईत, अधोरेखित. तिनं तो इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिला होता की लिहिताना सिस्टरचा हात बघायचा राहून गेला होता.

मागं. दाब. जवळ. सोड.

काही नाही.

"घाई न्हाई," केवळाबाई म्हणाल्या. "म्हशीला बी घाईचं माणूस कळतं. दुसरीकडं बग. तुझ्या आईशी बोल."

"आई," सुकन्या म्हणाली. "तुला खरंच अजिबात नव्हतं?"

"न्हवतं म्हणले ना," रुद्राणी म्हणाली. ती सिरिंजचं तोंड पदरानं पुसायला गेली, मग थांबली, पदर सोडून दिला. "गप दाब तू. मला कशाला मधे घेतीस."

मागं. दाब. जवळ. सोड.

थेंब आला. पिवळा, घट्ट, शालूखालच्या बाटलीतल्यापेक्षा जरा फिका. तो खाली पडेना, तिथंच टिकून राहिला, जणू निकाल वाचून दाखवायच्या आधी कुणीतरी घसा साफ करत होतं. रुद्राणीनं वाकून तो सिरिंजमध्ये ओढून घेतला. सिरिंज हलू नये म्हणून केवळाबाईंनी तिचं मनगट धरलं. दोन विहिणी पहिल्यांदाच एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या, आणि मधे सुकन्या, उघडी, सदतीस आठवड्यांची, नाक गळणारी.

"दुसरा यायलाय बग," रुद्राणी म्हणाली.

दुसरा आला. तिसरा आला. चौथा हातावर सांडला आणि या वेळी कुणी रडलं नाही. गाण्याची दोन कडवी झाली तोवर सिरिंज अर्ध्या मिलीच्या रेघेला टेकली होती. नव्या पद्धतीनं अडीच पट वाढ, सुकन्याच्या डोक्यानं लगेच नोंदवलं. तिनं डोक्याला गप्प बसायला सांगितलं. डोक्यानं ऐकलं नाही, पण आवाज कमी केला.

"एवढ्यानं होईल, मामी?"

"त्याचं पोट केवढं असतंय जन्मल्यावर?"

"बोराएवढं," सुकन्या म्हणाली. हे तिला येत होतं.

"मंग बोराला किती लागतंय," केवळाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

बाहेर जाताना त्यांनी कपाट उघडलं, शालू बाजूला सारला, बाटली काढली. दार उघडून पुढच्या खोलीत गेल्या, सगळ्यांसमोर सील फोडलं आणि तारामतीबाईंच्या बशीतल्या उरलेल्या खरवसावर मध ओतला. भरपूर. बशीच्या काठापर्यंत.

"खा, आक्का," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठीच ठिवला होता म्हणा."

तारामतीबाईंनी बशीकडे पाहिलं, जावेकडे पाहिलं. मग बोट बुडवलं, चाटलं, आणि म्हणाल्या, "जुना झालाय गं."

"मंग? वाट बी पस्तीस वर्षं बघितली," केवळाबाई म्हणाल्या.

ओसरीवरून भुजंगराव ओरडले, "मिटलं का? गाडी सोडू का?" भागवतनं थर्मासात बर्फ भरला. अहमदपूरहून लातूरला निघताना सुकन्यानं थर्मासाला पुन्हा सीटबेल्ट लावला, आणि या वेळी तिच्या शेजारी बसलेल्या रुद्राणीनं तो ओढून नीट बसलाय का ते तपासलं. मग चाकूर येईपर्यंत रुद्राणी खिडकीबाहेर बघत होती.

सुकन्या जन्मली त्या श्रावणात, लातुरात, सासूनं सांगितलं म्हणून रुद्राणीनं तीन दिवस चीक पिळून परसातल्या पेरूच्या बुडाशी ओतला, आणि तेवढ्यात पोरीला डब्याची सवय लागली. दोन दिवस वाटी पुरली, तिसऱ्या दिवशी तांब्या घ्यावा लागला.